केळ्यातील द्रव्य आणि प्रथिनाची जोड

पाचोऱ्याच्या व्यासपीठावरून खानदेशाला केळ्याविषयी काही सांगणे म्हणजे धाडसच होय. तरीही एक गोष्ट आम्ही सांगणार आहोत. केळ्याच्या गरात व सालीत सेरोटोनिन नावाचे द्रव्य असते, हे १९५८ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. हेच द्रव्य आपल्या मेंदूत एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला पोचविते. (म्हणून केळी खाऊन मेंदूतील सेरोटोनिन वाढवू असे कोणी मनात आणू नये, रक्तातून मेंदूत शिरण्यास त्याला मज्जाव आहे.)

आता प्रश्न असा की, मेंदूत हे द्रव्य नेमके कोठे असते ते पाहावे कसे? १९६२ साली स्वीडनमध्ये फाल्क व हिलार्प यांनी फॉर्माल्डिहाइडच्या वाफेचा उपाय काढला. त्या वाफेने डोपामीन हिरवे व सेरोटोनिन पिवळे चमके. पण हा पिवळा रंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता फिका पडे. याहून पक्की खूण हवी होती, आणि ती प्रतिपिंडांकडून मिळण्याजोगी होती. परक्या द्रव्याला नेमके ओळखून पकडणारी प्रथिने शरीर तयार करते, तीच ही प्रतिपिंडे.

अडचण होती आकाराची. सेरोटोनिनचा रेणुभार अवघा १७६. गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचा सुमारे ६६,०००. एवढ्याशा रेणूची शरीर दखलच घेत नाही. यावरची युक्ती कार्ल लँडस्टायनर यांनी आधीच शिकवून ठेवली होती. रक्तगटांच्या शोधासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणारे तेच हे गृहस्थ. लहान रसायन मोठ्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडून प्राण्याला टोचले, तर त्या लहान रसायनाविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण होतात, हे त्यांनी दाखविले. अशा लहान रसायनाला त्यांनी हॅप्टेन हे नाव दिले.

या वाटेने सेरोटोनिनकडे वळलेल्यांत एक नाव आपल्या कानांना ओळखीचे वाटेल. १९६७ साली कॅनडातील जीवरसायनाच्या नियतकालिकात रणदिवे व सेहॉन यांचा सेरोटोनिनविरुद्धच्या प्रतिपिंडांवरील निबंध प्रसिद्ध झाला. नंतरच्या निबंधांच्या तळटीपांतून हे नाव भेटत राहते. मराठीत त्याची चर्चा आमच्या तरी वाचनात आली नाही, आणि याची आम्हांस खंत वाटते.

पुढे १९७८ साली नेदरलँड्समधील स्टाइनबुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉर्माल्डिहाइडनेच सेरोटोनिन अल्ब्युमिनला जोडले आणि त्यापासून मिळालेल्या प्रतिपिंडांनी उंदराच्या मेंदूतील सेरोटोनिनचे तंतू उजळून दाखविले. यातील खुबी ध्यानात घ्यावी. मेंदूचे काप टिकविण्यासाठीही फॉर्माल्डिहाइडच वापरतात. तेव्हा कापातील सेरोटोनिनसुद्धा तसेच प्रथिनाला जखडलेले असते. टोचलेल्या द्रव्याचा घाट आणि शोधायच्या द्रव्याचा घाट असे जुळून आले.

पण येथेच संशयालाही जागा आहे. प्रतिपिंड नेमके कोणाला पकडते? सेरोटोनिनला, वाहक प्रथिनाला, की त्यांना जोडणाऱ्या दुव्याला? ट्रिप्टामीन हे सेरोटोनिनचे अगदी जवळचे भावंड, फक्त एका हायड्रॉक्सिल गटाने उणे. त्यालाच ते धरून बसले तर? चुकीच्या प्रतिपिंडाने मेंदूचा जो नकाशा निघेल तो दिसायला सुंदर आणि संपूर्ण खोटा असेल, आणि त्यावर पुढच्यांची वर्षे खर्ची पडतील. १९८३ साली ऑस्लोच्या स्टोर्म-माथिसेन व सहकाऱ्यांनी ग्लुटामेट असेच पाहिले, तेव्हा पेच अधिकच बिकट होता, कारण ग्लुटामेट हा तर प्रथिनांचाच घटक.

म्हणून जाणते संशोधक सीरम वापरण्यापूर्वी त्याचे दोन भाग करतात. एका भागात प्रथिनाला जोडलेले सेरोटोनिन आधीच मिसळतात, दुसऱ्यात तसेच जोडलेले ट्रिप्टामीन वा डोपामीन. पहिल्या भागाने कापावर रंग उमटता कामा नये; दुसऱ्याने तो पूर्वीइतकाच उमटला पाहिजे. तसे न घडले, तर महिनोगणती सशांना टोचून मिळविलेले ते सीरम बाजूला ठेवावे लागते.