मासे आणण्याआधीचे दिवस

मागच्या हिवाळ्यात लेकीच्या वाढदिवसाला आम्ही छोटा फिश टँक आणला आणि त्याच संध्याकाळी तीन मासे सोडले. आठवड्याभरात तिन्ही गेले. "पाणी तर स्वच्छ होतं ना?" या तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एका बापलेकांची गोष्ट हाती लागली. तुमच्याही घरी टँक येणार असेल, तर ती आधी वाचा.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एका टाकीत ठेवली. पानं कुजून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं आणि मासे जगले. वनस्पती माशांना प्राणवायू देतात, मासे वनस्पतींना कर्बवायू देतात, असा हिशेब त्यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडला. पण माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणाऱ्या विषारी अमोनियाचं काय होतं, हे त्यात नव्हतं.

त्याचा धागा १८७७ मध्ये फ्रान्समध्ये मिळाला. श्लोझिंग आणि म्यून्ट्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही; मग अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर ते थांबलं. म्हणजे हे काम सूक्ष्मजीवांचं होतं.

पुढचा शोध रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला. तिथे मातीवर काम करणाऱ्या संशोधकाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. टाकीवाल्या वॉरिंग्टन यांचा हा मुलगा. हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळे जीव करतात, हे त्यांनी दाखवलं: एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियावर जगणारा जिवाणू वेगळा काढणं मात्र त्यांना साधलं नाही. ते १८९० मध्ये विनोग्राडस्की यांनी केलं.

आमच्या टँकमध्ये हे जिवाणू जवळपास नव्हतेच. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर सावकाश वाढतात. म्हणून आधी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवा, फिल्टर चालू ठेवा आणि मासे न सोडता थोडा अमोनिया घाला. एखाद्या मित्राच्या निरोगी टँकमधला जुना स्पंज मिळाला तर उत्तम. दुधाला विरजण लावावं तसंच ते. आधी अमोनिया, मग नायट्राइट चढून उतरेल. घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपून दोन्ही शून्य दिसले, की बरंचसं पाणी बदला आणि मासे आणा. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

कार्डिफकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपलं पाणी मुख्यतः ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांतून येतं आणि ते मृदू असतं. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं. ते शोषायला या पाण्यात क्षार कमी. त्या फ्रेंच नळीतली चुनखडी हेच काम करत होती. पाणी फार आम्लयुक्त झालं तर जिवाणू मंदावतात, म्हणून पीएचही तपासत राहा.

दुसऱ्या खेपेला लेकीने रोजचे आकडे कॅलेंडरवर लिहिले. छत्तिसाव्या दिवशी दोन्ही शून्य झाले. मग आम्ही मासे आणायला गेलो.