तांदळाचा डबा कुठे ठेवता?

ऑनसाइटला जाणाऱ्या नवविवाहित जोडप्याच्या सामानात एक जाडजूड फाईल असतेच. लग्नाचं सर्टिफिकेट, पत्रिका, सप्तपदीचे फोटो. आणि पुढे गाडी ग्रीन कार्डापर्यंत गेलीच तर दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉईंट अकाउंटचं स्टेटमेंट, एकाच पत्त्यावर आलेली बिलं. आमच्या कँटीनमध्ये या फाईलवर जेवढी चर्चा होते तेवढी अप्रेझलवर सुद्धा होत नाही. त्यात एक प्रश्न हमखास निघतो: "लग्न झाल्याचा सरकारी कागद आहे ना? मग आम्ही एका घरात राहतो हे वेगळं का सिद्ध करायचं?"

प्रश्न रास्त आहे. गेले दोन-तीन वीकेंड त्याचं उत्तर शोधत होतो, आणि वाचता वाचता पोचलो सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड नावाच्या बेटावर.

झालं असं की १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती, आणि १९०० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा व्यापाऱ्याच्या बायकोला वेगळ्या परवान्याशिवाय येता येईल. आता ही बायको त्याची बायकोच आहे हे ठरवायचं कसं? दक्षिण चीनमधल्या खेड्यात लग्नं लागत होती ती घरच्यांच्या आणि गावाच्या साक्षीने. तिथे कोण सर्टिफिकेट देणार! (आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? आजी-आजोबांच्या लग्नाचं सर्टिफिकेट किती जणांच्या घरात सापडेल?)

त्यात १९०६ चा भूकंप झाला. सॅन फ्रान्सिस्को जळलं आणि जन्माच्या नोंदीही जळाल्या. मग "मी इथेच जन्मलो" असं सांगणारे अनेक निघाले. जन्माने नागरिक म्हटल्यावर चीनमधल्या मुलांनाही आणता येतं, त्यामुळे नसलेले मुलगे कागदावर दाखवून ती जागा विकायचा धंदा सुरू झाला. ह्यांना 'कागदी मुलगे' म्हणत. साहेबांचा कागदावरचा उरलासुरला विश्वास उडाला.

म्हणून १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंडवर एक वेगळीच पद्धत राबवली गेली. आलेल्या माणसाला एका खोलीत, त्याच्या नातेवाइकाला दुसरीकडे, आणि दोघांना तेच प्रश्न. मग दोन्ही जबाब शेजारी ठेवून फरक शोधायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सरळसरळ डिफ मारायचा! प्रश्न कसले? तुमचं घर कुठल्या दिशेला तोंड करून आहे, तुमच्या ओळीत घरं किती, तिसऱ्या घरात कोण राहतं, विहीर किती लांब, पायऱ्या किती, तांदळाचा डबा कुठे ठेवता.

आता जरा स्वतःला विचारून बघा. मी राहतो त्या बिल्डिंगमध्ये चार वर्षं आहे. पहिल्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती ते मला आत्ता सांगता येणार नाही.

टेस्टिंगवाल्या मंडळींना यातला घोळ लगेच दिसेल. खरं नातं असलेली माणसं प्रश्नाचा कधी विचारच केलेला नसल्यामुळे अडखळणार. खोटं नातं घेऊन आलेली मात्र तयारी करून येणार. आणि तशी ती यायचीच. गावाचे नकाशे आणि प्रश्नोत्तरांच्या वह्या विकत मिळत, बोटीवर पाठांतर चाले, बेटाजवळ आल्यावर वह्या समुद्रात जात. खरी माणसंसुद्धा घाबरून पाठांतर करू लागली, हे ओघाने आलंच.

१९१६ मध्ये क्वोक शी नावाची विशीतली बाई आपल्या बऱ्याच मोठ्या वयाच्या व्यापारी नवऱ्याबरोबर तिथे उतरली. दोघांची वेगवेगळी चौकशी झाली, उत्तरं सगळी जुळली नाहीत. नवरा शहरात आणि ती बेटावर, असे जवळजवळ दोन वर्षं काढून कोर्टकचेरी केल्यावर १९१८ मध्ये ती सुटली. दोन वर्षं! लग्न खरं आहे का याची परीक्षा घेताना त्या दोघांना एकत्र राहूच दिलं नाही, यावर काय बोलणार.

असो. पुढचा टप्पा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४५ च्या एका कायद्याने सैनिकांच्या परदेशी जोडीदारांना अमेरिकेत येणं सोपं केलं. त्याचा फायदा घेऊन काही माजी सैनिकांनी पॅरिसला जाऊन निर्वासितांशी लग्नं केली, त्यांना अमेरिकेत आणलं आणि वेगळे झाले. हे लुटवाक प्रकरण १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: लग्नाचा कागद कायदेशीर असेल किंवा नसेल, या लोकांचा नवरा-बायको म्हणून एकत्र राहण्याचा इरादाच नव्हता, आणि सरकारला फसवलं ते तिथे.

कँटीनमधल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तपास लग्नाचा नसतो, इराद्याचा असतो. पण इरादा दाखवणार कसा? तो दिसत नाही, घर दिसतं. म्हणून इराद्याच्या जागी घर आलं.

त्यातून उलटा गोंधळही झालाच. बार्क नावाच्या कोरियन माणसाचं लग्न झालं, काही काळाने नवरा-बायको वेगळे राहू लागले, आणि खात्याने लग्नच खोटं ठरवलं. १९७५ मध्ये अपील कोर्टाने खात्याला फटकारलं. पाहायचं ते लग्नाच्या वेळी संसार करायचा इरादा होता का एवढंच, नंतर भांडण झालं म्हणून लग्न खोटं होत नाही. नागरिकांपेक्षा परदेशी माणसाचा संसार जास्त सुखाचा असलाच पाहिजे अशी अट सरकार घालू शकत नाही, असा त्याचा मतितार्थ. मला हा निकाल फार आवडला.

त्याच वर्षीचं स्टोक्स प्रकरण न्यूयॉर्कचं. मुलाखतीत आपल्याला नीट वागवलं जात नाही म्हणून जोडप्यांनी दावा लावला आणि १९७६ च्या तडजोडीत हक्क मिळवले: आधी लेखी सूचना, सोबत वकील, मुलाखतीचं रेकॉर्डिंग, उत्तरं जुळली नाहीत तर खुलासा करायची संधी. आज 'स्टोक्स इंटरव्ह्यू' म्हटलं की लोकांना आठवतं ते नवरा-बायकोला वेगळं बसवून "पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं?" विचारणं. हक्कांसाठी भांडलेल्यांचं नाव शेवटी धास्तीलाच चिकटलं.

मग आलं १९८६. इमिग्रेशन खात्याने अमेरिकन काँग्रेसला सांगितलं की अशा लग्नांपैकी ३० टक्के बनावट आहेत. कायदा झाला: लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ फॉर्म भरायचा, आणि बनावट लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद नाहीतर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नंतर मनवानी नावाच्या खटल्यात त्या ३० टक्क्यांची पोल उघडी पडली. पाहणीत मोजल्या होत्या त्या नुसत्या संशयाच्या केसेस, सिद्ध झालेल्या नव्हेत. १९९० मध्ये कायद्यातली एक जाचक अट सैल झाली, पण दोन वर्षांची शर्त आजही आहे. एकदा प्रॉडक्शनला गेलेला कोड कोण काढतो!

पुराव्यांची यादी नियमात दिलेली आहे. एकत्र मालकीची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं. वाईट नाही यादी. पण ती कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे ते कळतं: भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये दोघंच राहणारं जोडपं. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात घर आजोबांच्या नावावर, लाईट बिल वारलेल्या काकांच्या नावावर, गॅस सासऱ्यांच्या नावावर. सुनेचं नाव असतं फक्त रेशन कार्डावर! पुण्यातसुद्धा अकरा महिन्यांचा करार बहुतेक वेळा ज्याचा पगार दाखवला त्याच्या एकट्याच्या नावाने होतो. दहा वर्षं सुखाने नांदलेली बाई या यादीपुढे उभी राहिली तर तिच्या हातात फोटोंशिवाय फारसं काही नसतं.

अर्थात यादी मुळीच नसेल तर काय होतं तेही पाहिलं पाहिजे. जानेवारी १९७९ मध्ये ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी लंडनच्या हीथ्रोवर उतरली. वाग्दत्त वधूला आधी परवानगी लागत नसे, बायकोला लागत असे आणि त्यासाठी लांबलचक रांग होती. ही आधीच कुणाची बायको नाही ना, हे ठरवायला अधिकाऱ्यांनी तिची कौमार्य तपासणी करवली. 'गार्डियन'ने १ फेब्रुवारीला बातमी छापल्यावर बोंब झाली आणि गृहमंत्र्यांनी ह्या तपासण्या थांबवल्या. मुंबई आणि दिल्लीच्या ब्रिटिश कार्यालयांतही असे प्रकार झाल्याचं २०११ मध्ये जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलं. त्यापुढे लाईट बिल मागणारा अधिकारी देवमाणूस वाटू लागतो.

आणि आपण? आपल्या कायद्यात पत्त्याचं काम वेगळंच आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात १४ दिवस राहिलेलं असणं आवश्यक होतं. १९५४ च्या कायद्याने ते ३० दिवस केले. लग्नाची नोटीस ऑफिसात सहज दिसेल अशी लावायची, दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही पाठवायची, आणि ३० दिवस कुणी हरकत घेतोय का बघायचं. म्हणजे तिकडे पत्ता लग्न खरं ठरवायला, इकडे लग्न कुठे लागतंय ते कळवायला. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलीसाठी तो कागद भिंतीवर लागणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

दिल्लीत तर पत्त्याची खात्री करायची म्हणून नोटीस थेट घरी पाठवायची प्रथा होती. कायद्यात असं कुठेही नाही, आणि त्याने जिवावर बेतू शकतं, असं म्हणत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती रद्द केली. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुढे जाऊन नोटीस जाहीर करायची की नाही ते जोडप्याच्या मर्जीवर सोडलं. कायद्याचं कलम मात्र १९५४ चंच आहे, ३० दिवसांसकट.