धोका, धन आणि कथानकाचा कर्ता

प्राचीन इंग्रजीतील 'बेओवुल्फ' या महाकाव्याच्या अखेरच्या भागात एक ड्रॅगन जमिनीखालच्या निधीवर पहारा देत असतो. कोणी एक जण त्या निधीतील चषक चोरतो, ड्रॅगन खवळून देश जाळीत सुटतो, वृद्ध बेओवुल्फ त्याला मारतो आणि स्वतःही मरतो. हाती आलेले धन त्याच्याबरोबर पुन्हा मातीत जाते. या काव्यातील राक्षस हे त्याचे वैगुण्य नसून त्याचे केंद्र आहेत, असे टॉल्किन यांनी १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात प्रतिपादन केले आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या 'द हॉबिट'मध्ये चषकाची ती चोरी नव्याने घडवली. या परंपरेत धोका आणि धन यांचा संबंध नैतिक स्वरूपाचा आहे. धन मिळणे हीच विनाशाची सुरुवात असते. आपल्याकडील गुप्तधनावर बसलेला नाग याच कुळातला.

१९७४ साली हा संबंध कोष्टकात मांडला गेला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. मूळ खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या; त्यांतील दुसरीचे शीर्षक होते 'मॉन्स्टर्स अँड ट्रेझर', म्हणजे 'राक्षस आणि धन'. प्रस्तुत लेखाचा विषय या शीर्षकातील 'आणि' हे उभयान्वयी अव्यय आहे.

खेळाची पद्धत थोडक्यात अशी. एक जण भुयाराचा नकाशा आखून तो स्वतःजवळ झाकून ठेवतो आणि समोर काय दिसते ते तोंडी सांगत जातो; तो एकाच वेळी निवेदकही असतो आणि पंचही. इतर खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतात. संशयाच्या जागी फासे निर्णय देतात. हा खेळ युद्धक्रीडांतून जन्मला. १९७१ सालचे 'चेनमेल' हे नियमपुस्तक आणि आर्नेसन यांची मिनेसोटातील 'ब्लॅकमूर' ही खेळमालिका हे त्याचे निकटचे पूर्वज होत. मात्र युद्धक्रीडेत दोन्ही बाजूंचे बळ तोलून खेळ सुरू होतो. येथे तसे कोणीही तोलत नाही. रानात ऑर्क भेटले तर त्यांची संख्या तीस ते तीनशे, असे मूळ पुस्तिका निर्विकारपणे सांगते. मग तोल होता कोठे?

तो एका वरवर हास्यास्पद वाटणाऱ्या नियमात होता: भुयारातून बाहेर आणलेले एक सोन्याचे नाणे म्हणजे एक अनुभवगुण. 'अनुभव' सोन्याने मोजण्याच्या या कल्पनेला अमेरिकी धनलोभाचे उघडे रूप मानण्याचा मोह कोणालाही होईल; प्रस्तुत लेखकालाही प्रथम तो झाला. परंतु आकडे पाहिले की चित्र बदलते. योद्ध्याला पहिल्या दर्जावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी २००० गुण लागत. अगदी कनिष्ठ जातीच्या एका शत्रूस मारल्याबद्दल आरंभी १०० गुण मिळत. 'ग्रेहॉक' या १९७५ सालच्या पुरवणीने ते १० वर आणले. म्हणजे केवळ तलवारीच्या बळावर वर चढायचे तर एकट्या योद्ध्याने असे दोनशे जीव मारले पाहिजेत, आणि पहिल्या दर्जाचे पात्र बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या घावातच कोसळते. राक्षसाला मारणे तोट्याचे आणि त्याला चुकवून, फसवून, प्रसंगी त्याच्याशी बोलणी करून धन लांबवणे फायद्याचे, असा हा हिशेब होता. नियमात नीतीचा उपदेश नाही, 'लढू नका' असेही कोठे म्हटलेले नाही. तरीही त्यातून जे कथानक निपजते ते महाकाव्याचे नसून ठकसेनाच्या कथेचे असते. गायगॅक्स यांनी १९७९ सालच्या 'डंजन मास्टर्स गाइड'ला जोडलेल्या वाचनयादीत टॉल्किन यांच्या बरोबरीने फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हॅन्स का आढळतात, याचे उत्तर त्या कोष्टकातच आहे.

या नियमाचे खरे सामर्थ्य आणखी खोल आहे. मूळ खेळात ओझे नाण्यांच्याच वजनात मोजले जाई. पुढच्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत दहा नाण्यांचे वजन एक पौंड धरले आहे. म्हणजे ज्या २००० नाण्यांनी योद्धा वर चढणार, ती पाठीवर घेतली की २०० पौंड, सुमारे नव्वद किलो, भरतात. ओझ्याने चाल मंदावते. चाल मंदावली की वेळ जातो. वेळ गेला की भटक्या राक्षसांसाठी पंच पुन्हा पुन्हा फासा टाकतो आणि सहाचे दान पडले की काहीतरी अंधारातून पुढे येते. निधी प्रायः राक्षसाच्या बिळात असतो. भटक्याजवळ तो नसतो. तेव्हा अशी भेट म्हणजे निव्वळ तोटा. येथे धन हे धोक्याचे बक्षीस उरत नाही, ते हाती येताक्षणी स्वतःच धोका बनते. बेओवुल्फच्या सोन्यावरील शाप या नियमांनी पुसला, असे म्हणणे म्हणूनच घाईचे होईल. शापाची जागा वजनाने घेतली.

आणि भुयाराला मजले होते. जितके खाली जावे तितके राक्षस भयंकर आणि निधी मोठा. किती खाली उतरायचे हे पंच ठरवीत नसे. जिना समोर असे आणि निर्णय खेळाडूंचा असे. बलाढ्य पात्राने वरच्या मजल्यावर सुरक्षित लूट करू नये याचीही तजवीज होती: आठव्या दर्जाचा जादूगार पाचव्या मजल्यावर वावरला तर त्याला गुण पाच-अष्टमांशच मिळत. गायगॅक्स काही वर्षे विमा व्यवसायात जोखमीचे मूल्यमापन करण्याचे काम करीत, हा चरित्रातला तपशील कार्यकारणभाव म्हणून मांडू नये, पण विसरताही येत नाही. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांची जी रचना दाखवली तीत घटकांचा क्रम ठरलेला असतो: झुंज, विजय आणि पुढे यथावकाश फळ. येथे क्रम ठरलेला नाही, फक्त किंमत ठरलेली आहे. क्रम लावणारा, म्हणजे कथानकाचा कर्ता, खेळाडू असतो.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. सारे पंचाच्या विवेकावर होते. उदार पंच निधी उधळीत; एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात बक्षिसे वाटणाऱ्या माँटी हॉल यांचे नाव अशा पंचांना चिकटले आणि १९७६ सालच्या चौथ्या पुरवणीच्या प्रस्तावनेत त्यांच्याविषयीची तक्रार छापून आली. अननुभवी खेळाडूला तर आपण कोणत्या मजल्यावर आहोत हेही उमगत नसे, आणि मृत्यू स्वस्त होता.

१९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याबद्दलचे गुण ऐच्छिक झाले. गंमत म्हणजे वैकल्पिक नियमांत चोराच्या वर्गाला ते तेवढे राहिले. खरे स्थित्यंतर मात्र २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत घडले. प्रत्येक राक्षसाला 'आव्हानांक' मिळाला. चार पात्रांच्या गटाला समतुल्य आव्हानात आपली सुमारे एक-पंचमांश साधनसामग्री खर्चावी लागेल, असे गणित मांडले गेले. कोणत्या दर्जाच्या पात्राजवळ किती मालमत्ता असावी याचेही कोष्टक आले: दुसऱ्या दर्जाला ९०० नाणी, दहाव्याला ४९,०००. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने तर प्रत्येक दर्जासाठी निधीची दहा पुडकी बांधून दिली.

हे गणित काटेकोर आहे, न्याय्यही आहे. नव्या पंचाला त्याने मोठाच आधार दिला. पण येथे निधी हा मिळवायचा राहत नाही, तो देय होतो. धनाचे वेतन होते. धोका खेळाडूने पत्करलेला नसतो, त्याच्या ऐपतीला मापून शिवलेला असतो. तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांना याची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही: शंभरांतले पाच प्रसंग पात्रांना न पेलणारे असावेत, असे त्यांनीच सुचवले आहे. तरी ते पाचही रचणाऱ्याने योजलेले. पळून जाणे ही खेळाडूची युक्ती न राहता संहितेतील एक टक्केवारी ठरली. २००६ सालच्या 'ऑस्रिक'पासून पुढे जुन्या नियमांचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याला स्मरणरंजन म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हा कर्तृत्वाचा प्रश्न लक्षात घेतलेला नाही.

या साऱ्या हिशेबाबाहेरची एक वाट १९८१ सालीच निघाली होती. सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ क्थुलू' या लव्हक्राफ्टच्या कथांवर आधारलेल्या खेळात भुयारात सोने नसते. तेथला निधी म्हणजे ज्ञान, निषिद्ध ग्रंथांतून मिळणारे. पात्राच्या मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा ९९ मधून हे ज्ञान वजा करून काढतात. जितके कळत जाईल तितकी ती खाली येते आणि गेलेले परत मिळत नाही. धोका आणि धन यांना तेथे दोन वेगळी कोष्टके लागतच नाहीत. आकडा एकच असतो.