दया आईची, आणि मुलीची?

१९७० सालचा मे महिना, जपानमधलं योकोहामा शहर. एका आईनं सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. लगेच आसपासच्या लोकांनी सह्या गोळा केल्या : सोयी नाहीत, आधार नाही, बिचारीला शिक्षा कमी करा. खरं सांगायचं तर आपणही सही केली असती.

या अर्जाला विरोध केला तो ‘आओई शिबा’ या संघटनेनं. ही सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांचीच संघटना. त्यांचं म्हणणं असं, की सगळे आईबद्दल बोलतात, पण मारली गेली ती आमच्यातली. उद्या आमचा जीवही असाच स्वस्त ठरेल. पुढं १९७१ मध्ये शिक्षा झाली दोन वर्षांची, तीही स्थगित. १९७५ मध्ये संघटनेतल्या योकोझुका कोइची यांचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ, ‘आई, मारू नकोस’.

आता बघा, आईचा थकवा, एकटेपणा खोटा नव्हता. पण सोय म्हणजे काय, तर मुलांना दूर ठेवणाऱ्या संस्था, असंच सगळे धरून चालले होते. संघटनेनं मागितलं वेगळंच : मदतनीस द्या, आम्ही वस्तीतच राहू.

‘आमच्यामागे याचं कोण?’ हे आपल्याकडेही घरोघरी ऐकतो आपण. ते ऐकताना त्या मुलीचीही बाजू आठवायला हवी.