मोडण्यासाठी केलेला नमुना

कारखान्याचा इतिहास सांगताना आपण तयार मालाची गणती करतो. बाजारात कधी गेलाच नाही अशा मालाची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाची प्रगती मात्र आम्हांस या दुसऱ्या मालावरून, म्हणजे करून मोडलेल्या नमुन्यांवरून, मोजावीशी वाटते.

टेल्कोने १९५४ साली डायम्लर-बेंझशी करार केला, तेव्हा मालमोटारींचे आराखडे जर्मनीचे होते. परक्याचा आराखडा अचूक उतरविणे हे कौशल्य खरे. पण त्यात स्वतः चुकून पाहण्यास वाव नसतो. करार १९६९ साली संपला. तत्पूर्वी, १९६६ साली, सुमंत मुळगावकरांच्या कारकिर्दीत पुण्यास संशोधन केंद्र निघाले आणि तो वाव घरात आला.

मोटारीचा आकार आधी मातीत घडवून पाहण्याची रीत अमेरिकेत हार्ली अर्ल यांनी रूढ केली. माती खरवडता येते. पोलादाचा साचा एकदा तयार झाला, की तो बदलणे फार खर्चाचे. परंतु आकार डोळ्यांस पटला म्हणून काम भागत नाही. चालकाचा हात कोठवर पोचतो, दिव्याची कळ अंधारात सापडते की नाही, हे माणूस बसवूनच कळते. मोटारीतील पडद्याचा नमुना आधी कागदावर काढून पाहतात, त्यामागेही हेच कारण आहे.

१९९८ साली इंडिका आली. पहिल्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या तक्रारी आल्या. त्या दूर करून २००१ साली ‘व्ही-२’ निघाली. येथे काही दोष विक्रीनंतर सापडले आणि त्यांचा त्रास घेणाऱ्याने सोसला. पुढे गिरीश वाघ यांच्या चमूने छोट्या मालमोटारीचे काम हाती घेतले, तेव्हा तीनचाकी चालविणाऱ्यांना आधीच गाठून विचारले. त्यांना ओझ्याइतकीच चारचाकीची प्रतिष्ठाही हवी होती. २००५ साली आलेली ‘एस’ म्हणजेच लोकांचा ‘छोटा हाथी’.

आज संगणकावर नमुना काही तासांत होतो. परंतु तो वरिष्ठांच्या संमतीपुरताच दाखविला, तर या वेगाचा उपयोग काय? चाकणच्या रस्त्यावर रात्री गाडी हाकणाऱ्याला तो आधी हाताळू द्यावा, त्याने नाव ठेवले तर मोडावा आणि पुन्हा करावा. एवढे केले, तरच पूर्वीच्या अनुभवाचे चीज झाले असे आम्ही म्हणू.