बोलींचे ध्वनिमुद्रण आणि कंडेन्सर मायक्रोफोन

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सीमेवरचे आहे. १९८१ मध्ये जालना जिल्हा निर्माण होण्यापूर्वी हा प्रदेश औरंगाबाद जिल्ह्यात आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत असे. येथून बुलढाण्याकडे वळल्यास वऱ्हाडीचा आणि खानदेशाकडे वळल्यास अहिराणीचा मुलूख लागतो. अशा ठिकाणी बोलीभेदाची रेषा एखाददुसऱ्या ध्वनीवरूनच आखावी लागते. बोलणारा ‘डोळा’ म्हणतो की ‘डोया’, त्याचा चकार ‘चाक’मधल्यासारखा दंत्य आहे की ‘चार’मधल्यासारखा तालव्य, हे कानाला निःसंशय कळले पाहिजे. म्हणून ध्वनिमुद्रणाचे साधन हा येथे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. तो पुराव्याचा प्रश्न होतो.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने लेखी होते आणि ‘उधळ्या पुत्रा’च्या दृष्टांताची बोलीबोलींतील रूपांतरे त्यांत प्रमुख होती. लिहून घेणाऱ्याच्या कानावर व लिपीवर सारा भरवसा. देवनागरीत दोन्ही चकारांना एकच अक्षर असल्याने हा भेद लेखनात लपून जाई. १९१३ ते १९२९ या काळात सर्वेक्षणाच्या निमित्ताने ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार झाल्या. परंतु विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू होण्यापूर्वी बोलणाऱ्याचा आवाज कर्ण्यातून थेट सुईपर्यंत जात असे. सेकंदास सुमारे अडीच हजार कंपनांच्या पलीकडचे फारसे काही त्यात उतरत नसे, आणि दंत्य चकाराचा घर्षणांश तर प्रामुख्याने त्यापलीकडचाच. लेखणीने जे लपवले ते तबकडीनेही बहुधा उघड केले नाही.

ही मर्यादा ओलांडणारे साधन म्हणजे कंडेन्सर मायक्रोफोन. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ई. सी. वेंट यांनी तो १९१६ च्या सुमारास सिद्ध केला. ताणलेले पातळ पटल व त्यामागील स्थिर पट्टिका यांचे मिळून एक विद्युत् धारित्र बनते. आवाजाने पटल हलले की धारिता बदलते व तीच विद्युत् संकेताचे रूप घेते. पटल अत्यंत हलके असल्याने सूक्ष्म व जलद कंपनेही त्यातून सुटत नाहीत. जर्मनीत गेओर्ग नॉयमान यांनी १९२८ पासून असे मायक्रोफोन व्यापारी प्रमाणावर बनवले. मात्र या साधनाला स्वतःची भूक आहे. पट्टिकेवर विद्युत् भार हवा आणि क्षीण संकेत पुढे पोहोचवण्यासाठी अगदी जवळच विवर्धकही हवा. नॉयमानच्या १९४९ च्या ‘यू ४७’मध्ये हा विवर्धक निर्वात नलिकेचा होता, व त्यासाठी शंभर व्होल्टवरील दाब देणारी वेगळी पेटी लागे. ती घेऊन खेडोपाडी फिरणे कठीणच.

ट्रान्झिस्टरने हे ओझे उतरवले. १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नॉयमानने ‘केएम ८४’ तयार केला; तेथे आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, तोच मायक्रोफोनला जोडण्यात आला. आज सर्वत्र रूढ असलेल्या ४८ व्होल्टच्या ‘फॅंटम’ पुरवठ्याचा उगम असा दिव्यांच्या सोयीत आहे, ही मौजेची गोष्ट होय. यात संकेताच्या दोन्ही तारांवर सारखाच दाब असतो व वीज आवरणाच्या तारेने परतते. दोन तारांमध्ये दाबाचा फरक नसल्याने साध्या डायनॅमिक मायक्रोफोनला त्याची झळ लागत नाही. परंतु तार सदोष असेल तर हा समतोल ढळतो आणि रिबन मायक्रोफोनची नाजूक पट्टी तेवढ्याने निकामी होऊ शकते. त्यापूर्वीच्या १२ व्होल्टच्या पद्धतीत दाब दोन तारांमध्येच असे. दोन पद्धतींची गल्लत म्हणूनच महागात पडते. जोडणी पुरवठा बंद ठेवून करावी, तो चालू केल्यावर क्षणभर थांबावे, आणि या वेळी मुद्रणयंत्राला लावलेले श्रवणयंत्र कानावर नसावे.

धावड्यासारख्या गावी मुद्रण करताना स्टुडिओतील मोठ्या पटलाच्या मायक्रोफोनचा मोह टाळलेला बरा. तो आवाजाला भारदस्तपणा देतो खरा, परंतु अभ्यासकाला भारदस्त आवाज नको, जसाच्या तसा हवा. लहान पटलाचा, सर्व दिशांनी ऐकणारा मायक्रोफोन शांत खोलीत अधिक विश्वासार्ह ठरतो. जवळ धरल्याने खर्जाचे स्वर फुगण्याचा दोष त्यात नाही. ओसरीवर, गुरांच्या व पंख्याच्या आवाजात, एका दिशेचा पत्करावा. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून मुद्रणयंत्र बॅटरीवर चालवावे. मात्र ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच बॅटरीतून निघत असल्याने ती लवकर उतरते. काही लहान यंत्रे हा दाब पुरता देत नाहीत. अशा वेळी मायक्रोफोन चालू असल्यासारखा भासतो, परंतु मोठ्या आवाजाला स्वर फाटतो.

अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावच्या आवाजांचा संग्रह केला आहे. अशा प्रत्येक नोंदीपुढे निवेदकाचे वय व गाव यांबरोबरच मायक्रोफोनचा प्रकार, त्याचे तोंडापासूनचे अंतर आणि वापरलेला पुरवठा यांचीही नोंद हवी. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील भेद पन्नास वर्षांनी मोजू पाहणाऱ्याला तिचीच गरज पडेल.