तेरचं कापड भडोचला का जायचं? सातवाहन आणि क्षत्रप : दोन शेजारी राज्यं

आधी एक साधा हिशोब करू. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरपासून कल्याण बंदर सरळ रेषेत मोजलं तर साधारण ३३० किलोमीटर भरतं. तेच तेरहून पैठणला आणि पैठणहून भडोचला असं मोजलं तर आकडा ५०० च्या घरात जातो. तरी इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेरचं कापड जहाजावर चढायचं ते भडोचला. जवळचं बंदर सोडून बैलगाडीनं लांबचा रस्ता कोण धरतं? मला वाटतं, सातवाहन आणि क्षत्रप या दोन मोठ्या शेजारी राज्यांचा अभ्यास राजांच्या यादीपासून सुरू न करता या प्रश्नापासून करावा.

ही माहिती येते ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक पुस्तिकेतून. लेखकाचं नाव माहीत नाही. इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक बोलणारा, स्वतः माल नेणारा-आणणारा माणूस असावा, एवढं त्याच्या लिखाणावरून कळतं. तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ हे फार मोठं शहर आहे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड येतात, तर तगरहून साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडून तिथे जमा झालेला इतर माल. हे सगळं गाड्यांवर, नीट रस्ता नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून.

तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर शंभर-सव्वाशे वर्षं वाद चालला. विल्फर्डने देवगिरी म्हटलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत आणि राज्य करत ठाणे-कोल्हापूरकडे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेर हेच तगर असं दाखवलं. तगर, तयर, तेर असा शब्दाचा प्रवास मराठी कानाला तरी अवघड नाही. हेन्री कझिन्स यांनी तिथल्या त्रिविक्रम मंदिराचा विटांचा, मागे गोलाकार असलेला भाग मुळात बौद्ध चैत्याचा आहे हे ओळखलं. पुढे बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये उत्खनन केलं. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण तेरला जातो, पण तेरणेकाठची ही पांढरीची टेकाडंही एकदा बघाच, आणि लामतुरे संग्रहालयही. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीच्या घडणीची आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं. यावरून ‘ती मूर्ती तेरहून इटलीला गेली’ असं सिद्ध होत नाही, दोन्हीकडे एकाच जातीचा माल पोचत होता इतकंच म्हणता येतं. प्रबंधात या दोन वाक्यांतला फरक सांभाळावा लागतो.

विज्ञान शाखेतून आल्यामुळे माझी सवय आधी आकडे तपासायची. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर, वीस दिवस. पैठण ते तेर सुमारे १५०, दहा दिवस. म्हणजे दिवसाला पंधरा-सतरा किलोमीटर, रस्त्याची वळणं धरली तर थोडं जास्त. भरलेल्या बैलगाडीला हे जमण्यासारखं आहे. दिशा मात्र पूर्व नाही, आग्नेय आहे. अंतर जुळतं, दिशा थोडी चुकते. ऐकीव माहिती लिहिणाऱ्या व्यापाऱ्याकडून मी यापेक्षा जास्त मागणार नाही. आणि तीस दिवसांचा हा प्रवास काळ्या मातीतून पावसाळ्यात होणं शक्य नव्हतं. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघत आणि हिवाळी वाऱ्यावर परतत. म्हणजे गाड्या दसऱ्यानंतर निघत असाव्यात. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

आता त्या दोन राज्यांकडे येऊ. सातवाहनांचं मूळ बळ दख्खनच्या पठारावर, गोदावरीच्या खोऱ्यात, आणि पैठण ही राजधानी. पठारावर कापूस होता, विणकर होते, पण समुद्रावर जायचं तर नाणेघाटासारख्या खिंडीतून कोकणात उतरायला हवं. क्षहरात क्षत्रपांकडे गुजरात, भडोच बंदर आणि माळव्याकडचे रस्ते. म्हणजे एकाकडे माल, दुसऱ्याकडे दार. मधला पट्टा, नाशिक-जुन्नर-कार्ले आणि खाली कल्याण-सोपारा, ज्याच्या हाती त्याच्या हाती किल्ली.

पेरिप्लसमध्ये कल्याणबद्दल एक ओळ आहे. थोरल्या ‘सरगन’च्या काळात तिथे रीतसर बाजार चालत होता, पण ‘संदनेस’ने ते घेतल्यापासून फार अडथळा आला, आणि चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सरगन म्हणजे सातकर्णी, हे बहुतेकांना मान्य आहे. संदनेस कोण? कुणी म्हणतात क्षत्रपांचा माणूस, ज्याने व्यापार आपल्या बंदराकडे वळवला. कुणी म्हणतात हा सातवाहनच, पुराणांतला सुंदर सातकर्णी, आणि त्याच्या बंदराची नाकेबंदी क्षत्रप करत होते. दोन्ही वाचनांत राजकीय नकाशा उलटा होतो, तेरच्या व्यापाऱ्यासाठी मात्र निकाल एकच : कल्याण बंद, चला भडोचला. आपलं कापड विकायला दुसऱ्या राजाच्या बंदरावर आणि दुसऱ्याच्या नाण्यांवर अवलंबून राहायचं.

नाणी बघा ना. क्षत्रप नहपानाची नाणी चांदीची. त्यांवर राजाचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिपी. सातवाहनांची नाणी बहुतेक शिसं आणि पोटीन या मिश्रधातूची. घरगुती बाजाराला ती पुरेत, पण दूरच्या सौद्याला चांदीच हवी.

कारभार कसा चालायचा हे नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलंय. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली, तीही गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. म्हणजे शकांचा सरदार स्थानिक विणकरांवर बँकेसारखा विश्वास टाकतो. पुढे त्याच लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा १८ व्या राज्यवर्षाचा लेख येतो. विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम : आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत आता भिक्षूंना दिलं आहे, तिथे सैनिकांनी शिरू नये, मीठ खणू नये. लढाई जिंकल्यावर पहिला कागद हलतो तो सातबाऱ्याचा! २४ व्या वर्षाचा लेख तर मला जास्त आवडतो. आधी दिलेलं शेत पिकत नाही, कारण गाव वसलेलं नाही, म्हणून नगराच्या हद्दीतलं १०० निवर्तनं राजकीय शेत द्यावं. हा हुकूम राजासोबत राजमातेच्याही नावाने निघतो. राज्य ‘आहार’ नावाच्या जिल्ह्यांत विभागलेलं, प्रत्येकावर अमात्य, आणि तक्रार वरपर्यंत पोचते. कारभार म्हणून हे चित्र गौतमी बलश्रीच्या प्रशस्तीपेक्षा मला भरवशाचं वाटतं. त्या प्रशस्तीत मुलगा क्षहरात वंशाचा समूळ उच्छेद करणारा आहे आणि सुराष्ट्र, अपरांत, विदर्भ, अवंती सगळ्यांचा राजा. आईने, मुलगा गेल्यावर, नातवाच्या १९ व्या वर्षी कोरून घेतलेला मजकूर आहे हा. तो त्याच नजरेने वाचायचा.

पण प्रशस्तीतला एक भाग जमिनीतून खरा निघाला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३,२५० च्या वर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलाय. काहींवर जुन्या राजाचा चेहरा खालून अजून दिसतो. वितळवून नवी पाडण्याइतका वेळ नव्हता, किंवा लोकांना त्याच वजनाची, त्याच ओळखीची चांदी हवी होती. मी दुसऱ्या कारणाकडे झुकते.

इथे संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एक गाठ बघावी. नहपानाचे लेख ४१ ते ४६ या वर्षांचे आहेत. ही वर्षं शक संवताची धरली तर तो इ.स. १२४ पर्यंत येतो. पण पेरिप्लसमध्ये भडोचमागच्या राजाचं नाव ‘मंबनोस’ असं आहे, ते नहपानच असेल तर तो पहिल्या शतकाच्या मध्यात जातो. आता ‘पेरिप्लस पहिल्या शतकातलं, कारण त्यात नहपान आहे’ आणि ‘नहपान पहिल्या शतकातला, कारण तो पेरिप्लसमध्ये आहे’ अशी दोन वाक्यं एका प्रकरणात आली की वर्तुळ पूर्ण झालं. पेरिप्लसचा काळ ठरवायला अरबस्तानातल्या राजांची नावं असा वेगळा पुरावा आहे, म्हणून ही गाठ सुटू शकते. वाचताना प्रत्येक तारखेखाली ‘ही कशावरून?’ असं लिहीत जा.

गौतमीपुत्राच्या विजयाने भांडण मिटलं नाही. क्षत्रपांचं दुसरं घराणं, कार्दमक, उभं राहिलं आणि इ.स. १५० च्या जुनागढ लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून उखडून टाकलं नाही. त्याच लेखात सुदर्शन तलावाचा बांध फुटल्याची हकीकत आहे. खर्च मोठा म्हणून मंत्र्यांनी नाही म्हटलं, लोक हवालदिल झाले, आणि शेवटी राजाने जादा कर न लावता स्वतःच्या खजिन्यातून काम करून घेतलं. नात्याचा पुरावा कान्हेरीला आहे, कल्याणपासून फार लांब नाही. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा तिथे उल्लेख येतो आणि ती महाक्षत्रपाची मुलगी आहे. लेख आहे पाण्याच्या टाक्याचा, दान केलंय एका अमात्याने.